दुसरं नाव

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात
मिलेना वुकासोविच प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली.
हातात कॅफेचं बिल, त्याच्या पाठीवर सात नावं,
चार खोडलेली.

हॉकीचे कोच खोडलेले: ते सगळ्यांनाच लढवय्या म्हणतात.
फादर खोडलेले: ते देवाला मध्ये आणतात.
मावशीच्या ओळखीचे आमदार.
"पत्र नाही येणार, नुसतं लेटरहेड येईल."
चौथं नाव इतकं गिरवून खोडलं होतं
की कागद फाटला होता तिथे.

"सर, तुमच्याकडे मला अठ्ठ्याण्णव आहेत,"
ती म्हणाली,
जणू मी तिचं देणं लागत होतो.

मी रजिस्टर उघडलं.
अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव. परत अठ्ठ्याण्णव.
शेजारचा रकाना कोरा.
दोन वर्षं ती खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसली,
एक चंचुपात्र फुटलं नाही तिच्या हातून,
एक प्रश्न नाही.
मला आठवत होता फक्त तिचा सात,
पोटात आडवी रेघ मारलेला,
पणजोबांबरोबर बोटीतून आलेला सात.

एवढ्यावर काय लिहायचं?
मेहनती, शांत, नियमित.
मोंटानातल्या या खाणीच्या गावात
दर हिवाळ्यात वीस मुलांना मी हेच तीन शब्द
मागेपुढे करून देतो,
आणि दोन हजार मैलांवर कुणीतरी
रात्री साडेअकराला, गार झालेल्या नूडल्स उकरत,
माझं पत्र उघडतं
आणि मिटतं.

"चुकलीस कुठे?" मी विचारलं.
ती दचकली. असं कुणी विचारत नाही इथे, या महिन्यात तर नाहीच.
मग फाटलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाली,
"हॅनराहनबाईंकडे. इतिहासात. बी मिळाला."

खाणीतल्या आगीचं स्मारक आहे ना, टेकडीवर,
त्याच्यावर माइक विल्सन म्हणून एक नाव आहे.
आमच्या घरी सगळे सांगतात, तो आमचा मिलुटिन,
मुकादमाला उच्चार जमेना म्हणून माइक केला.
मी लिहिलं, दगड चुकलाय.
बाई म्हणाल्या, पुरावा आण.
पगाराचं पुस्तक आणलं. म्हणाल्या, पुरत नाही.
बोटीची यादी. पुरत नाही.
चार वेळा परत केला निबंध, लाल शाईने, एका शब्दात.
शेवटी दफनाची वही सापडली.

"मग?"

"दगड बरोबर होता.
विल्सन वेगळाच होता कुणीतरी, वेल्सचा.
आमचा मिलुटिन आठ वर्षांनी वारला,
घरी, खाटेवर, खोकून खोकून.
मी तसंच लिहिलं शेवटी.
उशीर झाला म्हणून बी.
बाबा माझ्याशी नऊ दिवस बोलले नाहीत."

बाहेर बर्फ धरत होतं, पडत नव्हतं.
मी म्हटलं, "हेच नाव. पहिलं."
"त्या मला आवडत नाहीत."
"तुला आवडायला सांगतंय कोण?"
तिने बिलाची घडी घातली आणि गेली,
थँक यू न म्हणता. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

महिनाभर काही नाही.
मग एका सकाळी मला ईमेल आलं.
अर्जात दोन नावं. मी दुसरा.
तळाशी चौकट, त्यात तिची खूण:
हे पत्र मी कधीही वाचायला मागणार नाही.

ती खूण बघत बराच वेळ बसलो.
मग लिहिलं, चारच वाक्यं.
माझ्या वर्गात ही मुलगी सतत बरोबर होती,
आणि बरोबर असणाऱ्यांकडे मी बघत नाही,
हा दोष माझा.
बाकीचं पहिल्या पत्रात आहे, ते नीट वाचा.

संध्याकाळी पार्किंगमध्ये
हॅनराहनबाई गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होत्या.
विचारलं, "लिहिलंत?"
त्यांनी खरवडणं थांबवलं नाही.
"लिहिलं," म्हणाल्या.
"चार वेळा."