हरणाचा छाप

माळ्यावरचा पत्र्याचा डबा पुराच्या वर्षीही कोरडा राहिला.
आत फौंड्रीची जुनी हजेरीवही,
आबांनी उद्यमनगरातून आणलेली,
अर्धी त्यांची, अर्धी माझी.
डाव्या पानांवर मोल्डर, हेल्पर, भट्टीवाले,
ह, ह, गै, ह.
उजव्या पानांवर काड्यापेट्यांचे छाप:
जहाज, किल्ली, दोन कोंबडे,
निळी आगगाडी तीनदा.
तिसरीत धूर उलट्या दिशेला छापलाय,
तिच्यावर सज्जाद मणेर दोन वर्षं डोळा ठेवून होता.

छाप सोडवायची रीत होती.
बशीत पाणी, पेटी पालथी, आणि थांबायचं.
घाई केली की फाटतो.
मग खिडकीच्या काचेवर वाळवायचा, भाताच्या खळीनं चिकटवायचा.
पोरीच्या जातीला उकिरडे धुंडाळायचा नाद कुठला,
आई म्हणायची.

सगळ्यात जास्त पेट्या अनंत चतुर्दशीला.
महाद्वार रोडवर रात्रभर मिरवणूक,
आबा तालमीच्या झांजेत,
मी आणि सज्जाद हजार पायांच्या मधून वाकून वाकून.
मान वर करून गणपती बघितल्याचं
मला एकाही वर्षीचं आठवत नाही.
पेटी तुडवलेली असली तरी एक बाजू शाबूत असते.
त्र्याण्णव साली चौतीस मिळाल्या.
पहाटे चारच्या सुमाराला पापाच्या तिकटीला
एका बंद दुकानाच्या पायरीवर आमची वाटणी चालली होती.
जमीन हलली, म्हणतात.
आम्हाला कळलं नाही. ढोल चालू होते.

रेडिओवर आलं तेव्हा पंचगंगेच्या वाटेवर
अजून गणपती रांगेत उभे.
किल्लारी. सास्तूर.
आबांनी दोनदा विचारलं, कुठं म्हणाला?
नकाशा माझा, बोट माझं,
लातूरच्या खाली, औशाच्या पुढं.
संध्याकाळी शिरोली नाक्यावरून ट्रक सुटला:
फावडी, पहारी, फौंड्रीतले हातमोजे,
गल्लीनं थापलेल्या अडीचशे भाकऱ्या, चटणी,
बाबालाल आत्तार, दत्तू घाटगे, आबा.

अकराव्या दिवशी आले.
आईनं दारातच पायांवर पाणी ओतलं.
जेवले नाहीत.
सदऱ्याच्या खिशातून पेटी काढली.
पिवळ्यावर तांबडं हरीण, मागं वळून बघणारं.
"ही तुझ्याकडं नसंल, बाळे."
नव्हती.
मला आनंद झाला.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
सज्जाद बारा छाप देतो म्हणाला,
मी नाही म्हटलं आणि आठवडाभर मिरवलं.

त्या रात्री आबा आईला सांगत होते.
मी जागी होते.
पाऊस थांबंना. घरांचीच लाकडं,
वासे, दारं, पाळणा, सगळं भिजलेलं.
एकेकाला पेटीभर काड्या लागायच्या.
खोक्यांनी पेट्या यायच्या ट्रकातनं.
नावं लिहून घ्यायला एक पोरगं होतं,
तिसऱ्या दिवशी त्यानं वही मिटली.

आबांनी त्यानंतर बिडी ओढली नाही.
गल्लीला कौतुक. तालमीत त्यांना नारळ दिला.
घरात स्टोव्ह आईनं पेटवायचा, पणत्या आईनं,
ती गेल्यावर त्यांनी खटक्याचा लायटर आणला.
कुणाला त्यात काही दिसलं नाही.
मलाही नाही, परवा डबा उघडेपर्यंत.

ही एकच पेटी मी बशीत पालथी घातली नव्हती.
का, ते आठवत नाही. कंटाळा असेल.
अख्खीच चिकटवलीय पानावर,
त्यामुळं वही नीट मिटत नाही.
लेक विचारतो, आत काड्या आहेत का?
मी म्हणते, माहीत नाही.
तो वही उचलून कानाशी धरतो,
हलवतो.
आहेत की गं, म्हणतो,
चार-पाच.