हातचा

उर्पो वाइनिक्का खांदा दुखतो म्हणून आला होता.
एकतीस हिवाळे बर्फ सारायची गाडी चालवलेला खांदा,
दुखणारच.
पण आमच्या केंद्राचा नियम आहे,
साठीपुढचा एकटा माणूस आला
की हा कागदही द्यायचा:
नऊ प्रश्न, प्रत्येकापुढं एक चौकट,
शून्य ते तीन,
गेल्या चौदा दिवसांचा हिशोब.

त्यानं चष्मा पुसला. शिसपेन मागितली,
शाई नको म्हणाला.
'निम्म्याहून जास्त दिवस' या शब्दांवर अडला.
"सिस्टर, डिसेंबर आहे.
उत्स्योकीत सूर्य दिसून तीन आठवडे झाले.
दिवस म्हणजे नेमकं काय धरायचं?"
मी हसले.
तो खरंच विचारत होता.

बेरीज तीन.
संगणकानं हिरवा ठिपका दिला.
कागद दिव्यासमोर धरला तेव्हा
झोपेच्या ओळीत, शून्याच्या खाली
खोडलेल्या तीनची खाच दिसली.

जानेवारीत पुन्हा तीन.
तेच आकडे, त्याच जागी,
जशी तो पूर्वी रोज पहाटे नोंद करायचा:
रस्ता मोकळा, वेळ, सही.

त्या दिवशी कॉफी घेताना
आपणहून बोलला, खिडकीकडे बघत.
"बर्फाची खोली मोजायची काठी असते.
नवी पोरं ती हलकेच टेकवतात.
वर कडक पापुद्रा धरलेला असतो,
काठी तिथंच थांबते,
पोरं आकडा लिहून मोकळी.
आकडा चुकीचा नसतो हं.
बर्फ खाली असतो."
मग कप विसळून, पुसून
होता तिथं ठेवला.
घरी दुसरा कप विसळायला कुणी नाही
हे मला ठाऊक होतं, चौकटीला नव्हतं.

फेब्रुवारीत त्यानं शाईचं पेन मागितलं.
दोन. तीन. तीन. दोन.
मध्ये बराच वेळ काहीच नाही.
दोन. एक. दोन. शून्य.
आणि नवव्यापुढं, जिथं विचारलेलं असतं
की आपण नसतो तर बरं, असं वाटतं का,
तिथं एक.

मी बेरीज केली नाही.
दार लावलं, खुर्ची त्याच्या बाजूला ओढली,
आणि तोच प्रश्न तोंडानं विचारला,
कागदावरच्यापेक्षा वाईट भाषेत.
तो सांगत राहिला. बाहेर दोन पेशंट थांबले होते,
थांबले.
काय सांगितलं ते इथं लिहिणार नाही.

संध्याकाळी मांडलं: सोळा.
सहा लिहिले, हातचा एक.
या माणसाच्या बेरजेत पहिल्यांदाच हातचा आला.
इतके दिवस तो राखून होता.

वासाहून नुकत्याच आलेल्या डॉक्टर हेग्लुंड
पडद्यावरचा लाल बाण बघून दचकल्या.
"महिन्यात तेरा अंक? एवढं काय बिघडलं?"
"बिघडलं नाही," मी म्हटलं,
"बर्फ होता तेवढाच आहे.
काठी आत गेली."
"कसली काठी?"
त्यांनाही कॉफी दिली. वेळ लागला.

आता एप्रिल.
उजेड इतका की खिडकीला जाड पडदे लावावे लागतात.
गोळी रात्रीची, गुरुवारी माझ्याशी तास,
खांदा अजून दुखतोच.
आज त्यानं भुकेच्या चौकटीत
एक लिहिला, मग त्याच्या शेजारी दोन,
आणि दोन्ही तसेच ठेवले.
"संगणक एकच घेतो," मी म्हटलं. "कुठला भरू?"

त्यानं विचार केला.
परवा भावाच्या पोरानं पाइक मासा आणून दिला होता,
अर्धा खाल्ला, अर्धा भांड्यात तसाच आहे,
टाकवत नाही, खाववत नाही.

"बसा जरा," तो म्हणाला,
"सांगतो."