राहू दे चालू

पालदा नाक्यावर, पहाटे साडेतीन.
उभी राहिली की पिकअप थरथरते :
सुई आठशेवर, मग सहाशे, पुन्हा वर,
जसं कुणी जिना चढतंय आणि विसरतंय कशाला.
मागे लसूण. चोइथराम मंडीत माझी वाट.

इद्रिसभाई म्हणाले, भिया, बंद नको करू.
पेचकसाचं टोक पंपावर, मूठ कानाला,
डोळे मिटलेले.
फिल्टर कालच बदललाय मी, म्हटलं.
म्हणाले, म्हणूनच.

मग डब्यातून काढली सलाइनची नळी,
एमवायमधली, बायकोच्या वेळची,
धुऊन गुंडाळून ठेवलेली.
डिझेलच्या वाटेत जोडली, टॉर्च धरला.
पिवळ्या धारेत बुडबुडे,
मोहरीएवढे,
एकामागे एक इंजिनाकडे निघालेले.

तांब्याचं वॉशर.
काल जुनंच पुन्हा आवळलं होतं मी,
पाच रुपये वाचवून.

नवं बसलं. हातपंपाचे वीस-एक दाब.
चावी फिरवली;
सुई आठशेवर येऊन टेकली,
मडगार्डवरच्या चहातली वलयं बारीक झाली.

करू बंद? नळी काढायची ना?

इद्रिसभाई टॉर्च धरून वाकलेलेच.
एकही नाही, म्हणाले.
राहू दे.
राहू दे जरा चालू.