सहा तास, ऐंशी डॉलर

धबधबा दाखवला. डोंगरावरचं तळं दाखवलं,
केळ्यासाठी खांद्यावर उडी मारणारी माकडंसुद्धा.
मागच्या सीटवर दोघं, लग्नाला तेवीस दिवस.
तिच्या नाकावर क्रीमचा पांढरा ठिपका राहिलेला;
तो सांगत नव्हता, नुसता बघत होता.

ग्वाव्हला जायफळाच्या वखारीत थांबलो.
ओळीने बसलेल्या बायका, मांडीवर सुपं,
आणि तो खडखडाट,
जो मी रोज ऐकतो, म्हणजे ऐकत नाही.

"यांचा फोटो काढू का?" त्याने विचारलं.
तिसरी बाई हसली, "त्याला विचारा.
ड्रायव्हर नवरा आहे माझा."

मग मला फोटो दाखवला.
व्हर्लिन. जायपत्रीने तांबूस झालेली बोटं,
कानामागे पेन्सिल,
पेन्सिलीखाली पांढरे केस, पाच-सहा.
हे कधी झालं?

परतताना दोघं झोपले, एकमेकांवर कलंडून.
मी रेडिओ बंद केला.

उत्तरेच्या रस्त्यावर एक वळण आहे,
तिथून समुद्र दोन रंगांचा दिसतो.
पाहुण्यांना नेत नाही,
गाडी लावायला जागा नाही तिथे.

बंदरावर त्यांना सोडलं. टीप बरी मिळाली.
वखार साडेचारला सुटते.
पेट्रोल आहे अजून, पाव टाकी.