पंच

कागद आधीच लिहून तयार.
'दुपारी चार वाजता आरोपीने राजीखुशीने
खडपातल्या भेगेतून सुरी काढून दिली.'
खाली दोन रेघा रिकाम्या.
एक माझी.

नथू पावशे भिंतीशी,
डावा हात उजव्यात धरून,
जणू दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतलाय.
तिसरा दिवस.
दापोलीचं कोर्ट हर्णैपासून एसटीनं पाऊण तासावर.
बाहेर करंजाखाली त्याची बायको,
डब्यातली पेज तिसऱ्यांदा निवलेली.

नथू माझा कुणी नव्हे.
माझं जाळं कापलंन त्यानं परवाच्या शिमग्यात,
तेव्हापासून बोलणं बंद.
सुरी त्याची असेलही.

पण साहेब, त्या दिवशी पंचमी.
पाचाची पाऊणपट, पावणेचार.
चारला त्या खडपावर पुरुषभर पाणी.
सुरी काढली कुणी, पालूनं?

साहेब हसले नाहीत.
'भरती कोण बघतो कोर्टात?'
पेन माझ्याकडे सरकवलं, टोपण काढून.

मी हात मांडीखाली घेतला.
म्हटलं, आधी त्याचा वकील येऊ दे.
आवाज माझाच होता, पण बारीक.

पंखा तेवढा फिरत राहिला.
मग नथू बोलला, माझ्याकडे न बघता,
'पाणी मिळंल काय घोटभर?'