सत्तावीस इंच

आईच्या शिलाईच्या टेबलाची खोली पंचावन्न सेंटिमीटर.
आधी हे लिहून घेतलं, तळहातावर, बॉलपेननं.
म्हणजे बत्तीस इंची बाद.
तो कमानीसारखा वळलेला, तोही बाद.
मी नकाशे काढते. वाकड्या पडद्यावरचं सरळ कुंपण
खरंच सरळ आहे का, ही शंका मला झोपू द्यायची नाही.

उलानबातर, जानेवारी, उणे एकतीस.
दुकानात शिरताच चष्म्यावर धुकं धरलं,
पहिली पाच मिनिटं सगळेच मॉनिटर सारखे.
“आत्ताच घेऊन टाक,” बाबा म्हणाले, “भांडण नको.”

घरचा जुना चोवीस इंची. त्याच्यात वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा
चढ लागला की एकमेकींना चिकटतात, शिजलेल्या शेवयांसारख्या,
आणि डोंगराचा डाग होतो.
साहेब म्हणतात, डोळे तपासून घे.
तपासले. डोळे ठीक आहेत.

आणि शुक्रवारी रात्री तेमुलेन.
धाकटा. तिकडे आन्सानला, गाड्यांचे दरवाजे बनतात त्या कारखान्यात.
त्याचं घड्याळ एक तास पुढे.
आम्ही गाड्या पळवतो, फुकटचा खेळ आहे,
बोलणं थोडं, शिव्या फार.
वळणावर त्याची लाल गाडी माझ्या पडद्यावर
लाल शेपूट ओढत जाते,
आणि मला ती दिसेपर्यंत तो कधीच गेलेला असतो.
सहा वर्षं झाली. भावाला मी शेपटावरून ओळखते.

दुकानातला चिनबात विशीचा असेल, दम न खाता बोलणारा:
हा एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ, ताई, हा एकशे ऐंशी,
हा दोनशे चाळीस!
म्हटलं, एवढा जीव नाही माझ्यात.
माझ्या ग्राफिक्स कार्डात तर त्याहून नाही.
फोर-के पाहिला. दुसऱ्याच्या घोड्याकडे पाहावं तसा,
कौतुकानं, लगामाला हात न लावता.
अंथरूण पाहून पाय पसरावेत हे कबूल,
पण अंथरूण सत्तावीस इंच आणि पाय दोन:
एक दिवसा डोंगरात, एक रात्री शर्यतीत.

मग आयपीएस की व्हीए.
एकात काळा रंग राखाडी, कोपऱ्यात उगाच उजाडल्यासारखं.
दुसऱ्यात रात्र खरी रात्र,
पण तिच्यातून पळणारी गाडी माखलेली, शेपूट पुन्हा तेच.
आयपीएस घेतला. एकशे ऐंशीचा, हो, शेवटी एकशे ऐंशीचा.
उंची कमी-जास्त होणारा स्टँड.
नऊ लाख ऐंशी हजार तुगरिक.

बिलावर नाव काय घालू?
सोलोंगो.
“इंद्रधनुष्य! ताई, ह्यात एक अब्ज रंग आहेत.”
माझं नाव सातांवरच ठेवलंय, म्हटलं. बाकीचे तपासून दे.

त्यानं पडदा पांढरा केला, कडेपासून कडेपर्यंत.
तो वाकला. मी वाकले. काही नाही.
बाबा दाराशी, टोपी हातात,
चाळीस हिवाळे बर्फावर मेंढ्या मोजलेला माणूस.
“खाली. डावीकडे,” म्हणाले. “एक मेलंय.”

होतं. मोहरीच्या दाण्याहूनही बारीक.

चिनबातनं निमूट दुसरा खोका फोडला.
ह्या वेळी बाबांनी सावकाश पाहिलं,
वाऱ्यात करतात तसे डोळे बारीक करून.
“हा कळप पुरा आहे.”

आता खोका घरात जमिनीवर आहे, रेडिएटरपासून लांब.
थंडीतून आणलेला लगेच सुरू करायचा नाही, आत दव धरतं,
तीन तास तरी थांबा, चिनबातनं दोनदा बजावलंय.
पुठ्ठ्याला घाम फुटलाय.
बाबा शेजारी बसलेत खारा चहा घेऊन,
गारठलेलं कोकरू घरात आणल्यावर बसायचे तसे,
मधूनच खोक्यावर हात ठेवून बघतात.

तेमुलेनचा मेसेज: लागला का?
नाही अजून.
इकडे सात वाजलेत. तुझ्याकडे आठ.
जेवून घे तू.