बरगे

आबा पाटबंधारे खात्यात रोजंदारीवर होते.
मे संपताना भोगावतीच्या बंधाऱ्यावर
मांडीभर चिखलात उभं राहून बरगे उपसायचे,
मधला गाळा आधी, मग कडेचे.
प्रत्येक बरग्यावर ऑइलपेंटनं आकडा,
मी काठावर बसून वहीत खुणा करायचे.
अख्खा हंगाम अडवलेलं पाणी
असं सोडून देतात
म्हणून मला रडू यायचं.
"बरगं काढलं तर पाणी जातंय, पोरी.
न्हाई काढलं तर बंधारा जातोय."

पुढं मी इंजिनिअर झाले
आणि हे वाक्य विसरले.

पूर कक्षाच्या मागची बिनखिडकीची खोली.
दोन रॅक, एक एसी, आणि इर्शाद मुल्लाणी,
जो संकटात फक्त "चहा?" एवढंच विचारतो.
पहिल्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर
पाणी त्रेचाळीस फुटांना टेकलं
आणि रात्री पावणेदोनला
सगळा जिल्हा एकदम आमच्या दारात आला.
नकाशा द्या. फोटो द्या. शिरोलीचा रस्ता चालू आहे का?
आम्ही कुणालाच नाही म्हटलं नाही.
सगळ्यांना रांगेत उभं केलं,
आणि उत्तर मिळेना तसा जो तो
पुन्हा दार वाजवू लागला,
दर सेकंदाला, सगळे एका ठेक्यात,
जसं काही आमचं दार हलगीच होतं.

दोन वाजून सात मिनिटांनी
कुणालाच काही मिळालं नाही.
आंबेवाडीत कुणीतरी गच्चीवर बसून
पांढऱ्या पडद्यावर अंगठा घासत राहिलं असेल.
पाणी चढायचं थांबलं नव्हतं.

पूर ओसरल्यावर एका रात्री गंगावेशीत
दुधासाठी उभी होते.
लगमाण्णा गवळ्यानं धार काढता काढता
मान वळवून रांग मोजली
आणि बाराव्या माणसापाशी हात आडवा धरला.
"ह्येच्या मागं उभारू नगा. म्हस आटली."
मी चौदावी.
कुणी रागावलं नाही,
'नाही' ऐकायला पाव मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.
चालत घरी येताना वही आठवली.

मग मी पानाच्या प्रत्येक तुकड्याला आकडा घातला.
एक नंबरचा बरगा: मान्यवरांच्या पाहणीचे फोटो.
(तो ठरवताना हात थरथरला नाही.)
दोन, हलता नकाशा. तीन, बातम्या.
चार, लोकांनी पाठवलेले फोटो.
तळाला दोनच ओळी, कधीच न काढायच्या:
पाणी किती फूट. रस्ता कुठला बंद.
आणि ज्याला परत पाठवायचं
त्याला लगेच सांगून पाठवायचं,
तू तीन सेकंदांनी ये, तू अकरा, तू वीस,
शाळा सुटताना वर्गवार सोडतात तसं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा त्रेचाळीस.
एक गेला. दोन गेला. इर्शाद मोजत होता.
पान बारीक होत गेलं, कुरूप होत गेलं,
तीन,
चार,
शेवटी नुसत्या काळ्या दोन ओळी,
पावसात भिजलेल्या पाटीसारख्या.
"उभारलंय की अजून," इर्शाद म्हणाला,
आणि पहिल्यांदाच चहा विसरला.

पहाटे लँडलाइन वाजली. चिखलीहून आक्काताई खोत.
"म्हशीचा फोटो टाकतोय बघा मगापासनं,
जाईनाच झालाय.
कपाळावर चांद हाय, डावं शिंग मोडलंय.
दावं कापून दिलं मीच.
कुटं दिसली तर..."
चार नंबर. तो आकडा माझ्याच अक्षरातला.
मी कागद ओढला आणि हातानं लिहिलं:
चांद. डावं शिंग. चिखली.

उजाडल्यावर आबांना फोन केला.
कुठला बरगा आधी काढायचा
ते कोण ठरवायचं हो तुमच्यात?
ते जरा खोकले.
"जो पाण्यात उभारलेला असतोय, त्यो."

मी खोलीत उभी होते.
एसी बावीसवर.